सहा पंचवीसचा बॅकअप

मार्चअखेर संपली की आमच्या ग्रंथालयात वार्षिक अहवालाची धावपळ सुरू होते. सभासद किती, नवी पुस्तकं किती, वर्गणी किती जमली, नियतकालिकं किती आली. हे सगळं वेळेत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे गेलं नाही तर अनुदान अडकतं. पूर्वी दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसायचे. आता आकडे संगणकातून निघतात. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या बाजूला. ग्रंथालय लहान, मी अर्धवेळ ग्रंथपाल, पण पुस्तकांची नोंद आणि देवघेव कोहा या प्रणालीत होते. ही प्रणाली न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून जगाला फुकट मिळाली. आमच्याकडे ती डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या संगणकावर चालते. शिवाय गावातल्या जुन्या हस्तलिखितांचे, उत्सवाच्या हिशेबवह्यांचे आणि मंडळाच्या स्मरणिकांचे स्कॅनही त्याच संगणकात आहेत.

यंदा अहवालावर सही करताना नवे खजिनदार, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले आमचे अण्णा, म्हणाले, "ताई, हे सगळं या एका डब्यात आहे. याची दुसरी प्रत कुठाय?" मी सांगितलं, बॅकअप आपोआप होतो. प्रणाली बसवून देणाऱ्यांनी तसंच सांगितलं होतं. अण्णा म्हणाले, "होतो ना, मग दाखवा." बँकेतली सवय, दुसरं काय.

त्या रात्री पुण्यातल्या भाच्याला फोन लावला. तो अशाच कामात आहे. त्याने मला काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडायला लावली आणि एकेक अक्षर सांगत व्हार, त्यातलं स्पूल, त्यातलं कोहा, त्यातलं आमच्या ग्रंथालयाच्या नावाचं, अशा फोल्डरात नेलं. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं, आणि मधल्या मोकळ्या जागाही तितक्याच महत्त्वाच्या.) 'एलएस -एल' दाबल्यावर फायलींची यादी दिसली, जोडीजोडीने. एक नोंदींची, एक सेटिंगची. सगळ्यात नव्या जोडीवर तारीख २६ जानेवारी. आणि त्या दिवशी होती १२ एप्रिल.

"मावशी, सव्वीस जानेवारीला सकाळी संगणक चालू होता का?"

होता. झेंडावंदनाच्या आधी देशभक्तीची गाणी लावायची म्हणून मुलांनी पहाटेच येऊन चालू केला होता. एवढ्यावरून त्याने रोग ओळखला. डेबियनवर रोजची ठरलेली कामं क्रॉन नावाचा कार्यक्रम करतो आणि दैनंदिन कामांची मूळ वेळ असते सकाळी ६ वाजून २५ मिनिटं. कोहाचा बॅकअपही त्याच कामांत असतो. आमचं ग्रंथालय उघडतं दुपारी चारला. सहा पंचवीसला संगणक बंद, खोलीला कुलूप. क्रॉनचा स्वभाव असा की वेळ हुकली तर ते काम दुसऱ्या दिवसापर्यंत गेलं. 'काल राहिलं होतं, आज करू' हे त्याच्या गावी नाही. राहिलेली कामं नंतर उरकणारा अ‍ॅनाक्रॉन म्हणून वेगळा कार्यक्रम असतो, तो आमच्या संगणकावर नव्हता. म्हणजे वर्षभरात बॅकअप झाला तो ज्या सकाळी कुणी लवकर येऊन संगणक लावला त्या दिवशीच. आधीच्या प्रती नव्या बॅकअपच्या वेळी पुसल्या जातात, कारण मूळ व्यवस्थेत दोनच दिवसांच्या ठेवतात. 'आपोआप होतो' हे वाक्य खरंच होतं. फक्त ते चोवीस तास चालणाऱ्या संगणकाला लागू होतं.

तुमच्याकडे कोहा असेल तर हे वाचणं थांबवून आधी त्या फोल्डरातल्या तारखा बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोम अशी की त्या प्रती होत्या त्याच डिस्कवर. डिस्क गेली की दोन्ही गेलं. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या आणि पुन्हा २२ जुलै २०२१ च्या पुराचं पाणी शिरलं, हे कोकणातल्या कुठल्याही ग्रंथालयवाल्याला सांगावं लागत नाही. आमच्याकडे पूर नाही, पण ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आहे. छपराचे पत्रे बाजूच्या वाडीत सापडले आणि वीज कित्येक आठवडे नव्हती. तेव्हा आमच्याकडे संगणक नव्हता. कपाटं भिजली, पुस्तकं आम्ही मांडवात वाळत घातली. भिजलेलं पुस्तक निदान वाळत घालता येतं.

खर्चाचा विषय निघाल्यावर मामला कार्यकारी मंडळाकडे गेला. इथे वेळ लागला, आणि ग्रंथालय चालवणाऱ्यांना हाच भाग उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. मी लेखी मागणी केली: दोन टीबीच्या दोन बाह्य हार्ड डिस्क आणि यूपीएसची नवी बॅटरी. दोन डिस्क कशाला, एक पुरे, असं म्हणणारे निघाले. अण्णांनी उत्तर दिलं, "एक इथे राहील, एक गावाबाहेर. बँकेतही चावी दोन ठिकाणी असते." मग तीन कोटेशनं आणायची ठरलं. एका दुकानदाराने भाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तो चालला नाही. लेटरहेडवर, जीएसटी नंबरासह, सही-शिक्क्याचं लागतं. ते आणायला माणूस दापोलीला, नंतर खेडला गेला. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सभेत ठराव झाला. ठरावात 'संगणक साहित्य' असं मोघम न लिहिता वस्तूचं नाव, संख्या आणि खर्च कुठल्या सदरात, वेतनेतर की आणखी कुठला, हे लिहून घ्या. ऑडिटच्या वेळी पुढचं बोलणं वाचतं.

चेकवर दोन सह्या लागतात आणि अध्यक्ष मुंबईला मुलाकडे गेले होते. ते आले मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर दुकानात एक टीबीच्याच डिस्क उरल्या होत्या, दोन टीबीच्या मागवाव्या लागल्या. २१ मेला माल हातात आला. एका डिस्कला ६,४०० रुपये, बॅटरीला १,१५० रुपये. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घेतला, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद केली आणि तो नोंद क्रमांक मार्करने डिस्कवर घातला. दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, त्यामुळे एकीवर 'अ' आणि दुसरीवर 'आ'.

दरम्यानचा महिनाभर मी रोज घरी निघण्याआधी 'कोहा-रन-बॅकअप्स' ही आज्ञा हाताने देत होते आणि तयार झालेली फाईल पेन ड्राइव्हवर घेत होते. तात्पुरता उपाय म्हणून तो वाईट नाही. ठरावाची वाट बघत हातावर हात धरून बसू नका.

प्रत्यक्ष कामाला मेच्या शेवटी हात घातला. घरात रेंज नाही, ग्रंथालयात खिडकीच्या एका कोपऱ्यात येते. फोन त्या खिडकीत स्पीकरवर, मी संगणकापाशी, आणि भाचा पुण्याहून ओरडून सांगतोय, "डॅश, मावशी, अंडरस्कोअर नव्हे." काळ्या पडद्याची भीती वाटायची ती मुख्यतः यामुळे की तो काहीच बोलत नाही. आज्ञा बरोबर गेली तर बहुतेक वेळा नुसता कर्सर पुढच्या ओळीवर येतो. 'झालं' असं कुणी म्हणत नाही. याची सवय व्हायला वेळ लागला. मी प्रत्येक आज्ञा आधी वहीत उतरवत होते आणि समोर मराठीत ती काय करते ते लिहीत होते. ती वही आता ग्रंथालयाच्या कपाटात आहे, माझ्यानंतर येणाऱ्यासाठी.

बॅकअपसाठी त्याने रेस्टिक हा मोफत कार्यक्रम निवडला. तो फायलींचे तुकडे करतो आणि जो तुकडा डिस्कवर आधीच आहे तो पुन्हा लिहीत नाही, त्यामुळे रोज बॅकअप घेतला तरी जागा फारशी वाढत नाही. आणि सगळं कुलूपबंद ठेवतो, म्हणजे डिस्क एसटीत विसरली तरी सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर कुणाला वाचता येणार नाहीत. या कुलपाची दुसरी बाजूही आहे. 'रेस्टिक इनिट' म्हणून कोठार, म्हणजे डिस्कवर प्रती साठवायची जागा, तयार करताना तो पासवर्ड विचारतो, आणि भाच्याने तिथे मला थांबवलं. "हा हरवला तर मी काय, ज्यांनी कार्यक्रम लिहिला तेही उघडून देऊ शकत नाहीत." पासवर्ड कागदावर लिहून दोन पाकिटांत लाख लावून बंद केला. एक अण्णांच्या कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये मंडळाच्या कागदपत्रांबरोबर. संगणकावर तो एका फाईलमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर रात्रंदिवस कुणीतरी टाइप करायला बसलं पाहिजे. त्या फाईलला 'सीएचमॉड ६००' केलं, म्हणजे फक्त मालकाला वाचता येते.

पहिला बॅकअप सर्वात मोठा. स्कॅनच शंभर जीबीच्या वर. चारला सुरू केला आणि साडेसातच्या सुमारास वीज गेली. यूपीएस किंचाळायला लागला. कंट्रोल आणि सी दाबून काम थांबवलं, संगणक नीट बंद केला आणि अंधारात कुलूप लावलं. सगळं पहिल्यापासून करावं लागणार असं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी तीच आज्ञा दिली तर आदल्या दिवशी डिस्कवर गेलेले तुकडे त्याने ओळखले आणि उरलेलंच लिहिलं. वीज अचानक जाऊन संगणकच बंद पडला तर मात्र रेस्टिकचं एक अंतर्गत कुलूप मागे राहू शकतं आणि पुढच्या वेळी तो 'आधीच कुणीतरी काम करतंय' अशा अर्थाचा संदेश देतो. दुसरं काही खरोखर चालू नाही ना हे बघायचं आणि 'रेस्टिक अनलॉक' द्यायचं. हे वहीत लाल शाईने लिहिलंय.

आता मुख्य गोष्ट, वेळापत्रक. क्रॉनऐवजी हे काम सिस्टिमडीकडे, म्हणजे लिनक्समधली कामं सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेकडे द्यायचं ठरलं. तिच्यासाठी भाच्याने दोन छोट्या फायली लिहून घेतल्या. एक 'सर्व्हिस', तिच्यात काय करायचं. दुसरी 'टायमर', तिच्यात केव्हा. कामाच्या फाईलमध्ये तीन टप्पे आहेत. आधी कोहाला स्वतःच्या नोंदींची प्रत काढायला सांगायचं. चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलल्या तर त्या अर्धवट असू शकतात, म्हणून हा टप्पा गाळायचा नाही. मग ती प्रत आणि स्कॅनचं फोल्डर रेस्टिककडे द्यायचं. शेवटी 'रेस्टिक फर्गेट' ने जुन्या प्रती छाटायच्या: सात दिवसांच्या, चार आठवड्यांच्या, बारा महिन्यांच्या ठेवायच्या, सोबत 'प्रून' लिहायचं. 'प्रून' नसेल तर यादीतून नाव जातं पण जागा मोकळी होत नाही. पहिला टप्पा फसला तर पुढचा होऊ नये, अशी जोडणी केली.

टायमरमध्ये वेळ पाचची. चारला उघडल्यावर पहिला तास लोक पुस्तकं बदलायला येतात, साडेसातला आमचे शिपाईकाका मेन स्विच बंद करतात. मधला वेळ सर्वात निवांत. पण सगळ्यात कामाची ओळ तिच्याखालची: 'पर्सिस्टंट इक्वल टू ट्रू'. हिचा अर्थ, ठरलेल्या वेळी संगणक बंद होता तर पुढच्या वेळी चालू झाल्यावर राहिलेलं काम कर. क्रॉनला जे जमत नव्हतं ते या एका ओळीने जमलं. फक्त संगणक लावताक्षणी बॅकअप सुटला तर चारच्या गर्दीत कोहा रखडतो, म्हणून 'रँडमाइज्ड-डिले-सेक' लिहून थोडी ढील दिली आणि कामाच्या फाईलमध्ये 'नाइस' १९ केलं, म्हणजे माणसं काम करत असतील तर बॅकअपने मागे सरायचं.

सिस्टिमडीला हुकूम द्यायचे ते 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेने. फाईल बदलली की 'सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड' द्यायचंच, नाहीतर जुनीच फाईल चालत राहते. चालू करताना 'इनेबल --नाऊ' टायमरला द्यायचं, सर्व्हिसला नाही. लिहिलेली वेळ संगणकाला तशीच कळली का हे 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ कॅलेंडर' सांगतं. पुढची फेरी केव्हा होणार तेही दाखवतं. आणि रोजच्या पाहणीसाठी 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-टायमर्स': शेवटचं काम केव्हा झालं, पुढचं केव्हा. हे मी आता हजेरीपटासारखं रोज बघते.

पहिल्या आठवड्यात मला घाबरवलं ते 'सिस्टिमसीटीएल स्टेटस'ने. बॅकअप झाल्यावर तो 'इनॅक्टिव्ह, डेड' असं दाखवतो. रात्री आठला फोन केला तर भाचा हसला. एकदाच चालून संपणाऱ्या कामाचं तसंच असतं. त्याच्याखाली 'स्टेटस=०, सक्सेस' आहे का तेवढं बघायचं. नसेल तर 'जर्नलसीटीएल' मध्ये त्या कामाचा सगळा इतिहास वेळेसकट सापडतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाने झोडपलं. आंब्याची फांदी तारेवर पडून वीज दोन दिवस नव्हती. ती आली त्या दुपारी मी संगणक लावला, हात न लावता बसून राहिले. काही मिनिटांनी डिस्कचा निळा दिवा लुकलुकायला लागला. टायमरच्या यादीत मागच्या फेरीची वेळ चार वाजून काही मिनिटं दिसली. खरं सांगायचं तर वार्षिक अहवाल मंजूर झाल्याच्या पत्रानेही इतकं बरं वाटलं नव्हतं.

मध्येच थांबवायची वेळही आली. शाळेची मुलं स्कॅन बघायला आली तेव्हा नेमका मोठा बॅकअप चालू होता. 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' आणि सर्व्हिसचं नाव, काम थांबलं. मुलं गेल्यावर 'स्टार्ट', की टायमरची वाट न बघता लगेच सुरू. काही दिवस पूर्ण बंद ठेवायचं असेल तर टायमरला 'डिसेबल --नाऊ'. पण तसं केलं तर फळ्यावर लिहून ठेवा, परत चालू करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

डिस्कबद्दल दोन गोष्टी. कोणती डिस्क कुठे जोडायची हे 'एफएसटॅब' या फाईलमध्ये लिहिताना 'नोफेल' हा शब्द घालायचा. तो नसेल तर डिस्क न लावता संगणक सुरू केल्यावर तो आणीबाणीच्या पडद्यावर अडून बसतो आणि ग्रंथालय उघडं असून देवघेव बंद. दुसरं, आमची खारी हवा. पावसाळ्यात सुई टोचावी तशी ओल सगळीकडे शिरते. जोडलेली नसते तेव्हा डिस्क घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवते. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे केव्हा तापवायच्या ते कळतं. आणि संगणक जुना असेल तर आतला नाण्यासारखा सेल बदलून टाका. आमचा गेलेला होता, वीज गेली की घड्याळ मागे पडायचं, आणि घड्याळ चुकलं की वेळापत्रकाला अर्थ उरत नाही. सेल चाळीस रुपयांचा.

परत मिळवून बघण्याचं काम मी दोनदा विभागून केलं. जूनमध्ये 'रेस्टिक रिस्टोर लेटेस्ट' देऊन एक स्कॅनचं फोल्डर वेगळ्या जागी उतरवलं. उत्सवाच्या एका हिशेबवहीचं पान उघडलं. वाळवीने खाल्लेली कड, मोडीतल्या ओळी, कोपऱ्यात नारळांच्या संख्येखाली ओढलेली दुहेरी रेघ, सगळं जागच्या जागी. पूर्ण कोहा उभं करून बघायचं ते गणपतीत, भाचा जुना लॅपटॉप घेऊन आला तेव्हा. गौरी जेवल्या त्या दुपारी ओटीवर बसून त्याने डेबियन आणि कोहा टाकलं, मी 'कोहा-रिस्टोर' ला दोन्ही फायली दिल्या. नोंदींची संख्या दाखल नोंदवहीच्या शेवटच्या क्रमांकाशी ताडली. फरक आला तो रद्द केलेल्या पुस्तकांचा, त्यांची यादी वेगळी आहेच.

राहिली डिस्क 'आ'. ती खेडच्या बाजारपेठेतल्या एका सदस्यांच्या घरी ठेवायची सूचना आली होती. पण जगबुडी दर पावसाळ्यात तिथली दारं ठोठावते. शेवटी दापोली कॅम्पात, उंचावर, अध्यक्षांच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. महिन्यातून एकदा 'अ' तिकडे जाते, 'आ' इकडे येते. दोन्हींवर स्वतंत्र कोठार आहे, आणि जी जोडलेली असेल तिच्यावर काम होईल अशी सोय टायमरच्या फाईलला हात न लावता करता आली, दोन्ही डिस्कना एकच नाव, म्हणजे लेबल, देऊन.

ऑक्टोबरात ऑडिटरनी डेडस्टॉक ताडताना विचारलंच, "डिस्क दोन लिहिल्यात, समोर एकच आहे." तेव्हा अण्णांनी फाईल पुढे सरकवली. प्रत्येक अदलाबदलीला एक साधी पावती करतो: तारीख, डेडस्टॉक क्रमांक, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, खाली 'ही वस्तू ग्रंथालयाच्या मालकीची असून सुरक्षिततेसाठी बाहेर ठेवली आहे' हे वाक्य. त्यासाठी मंडळाचा एक छोटा ठरावही लागतो, तो आधीच करून ठेवा. ऑडिटरनी पावत्या वाचल्या, शेवटच्या पावतीवर हिरवी टिकली केली आणि पुढच्या पानावर, खुर्च्यांच्या मोजणीकडे वळले.